अडतीस लाइट की आठ? यवतमाळ जिल्ह्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्यापासून बरंच आत, कापूस-सोयाबीन-तुरीचं. घरचे वडील कास्तकार, मोठा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, धाकट्याचं लग्न वैशाखात ठरलेलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, बाकी जसं घडलं तसं.

जुनं मातीचं घर पाडून तिथेच स्लॅबचं बांधलं होतं. १२ बाय १६ फुटांचा हॉल, १० बाय १२ च्या दोन खोल्या, तेवढंच स्वयंपाकघर आणि पुढे ओसरी. प्लास्टर झालं होतं, भिंतीतले पाइप टाकून झाले होते. संक्रांतीनंतर कापूस विकला आणि हाती आलेल्या पैशात स्लॅबखाली जिप्समचं सिलिंग करायचं ठरलं. शेजारच्या दोन घरांत झालं होतं, पाहुणे येणार होते, आणि असं सिलिंग म्हटलं की त्यात कन्सील, म्हणजे सिलिंगच्या आत बसवलेले, लाइट आलेच.

मी तालुक्याच्या आयटीआयत वीजतंत्री शिकवतो. मोठ्या मुलाने, म्हणजे मास्तरांनी, सिलिंगवाल्याच्या कोटेशनचा फोटो पाठवून एवढंच विचारलं, की यात कोणत्या कंपनीचे लाइट घेतले म्हणजे बिल कमी येईल. मला वाटतं, या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट झाली ती हा प्रश्न बदलण्याची. कंपनीचा विषय शेवटी पाचव्या-सहाव्या नंबरावर गेला.

अडचण काय होती

कोटेशनमध्ये १५ वॅटचे ३८ पॅनल लाइट होते. हॉलमध्ये १२, दोन्ही खोल्यांत आठ-आठ, स्वयंपाकघरात सहा, ओसरीत चार. सगळे पांढरेशुभ्र, म्हणजे ६५०० केल्विनचे. कंपनीचं नाव नाही, लाइट दीडशेच्या आतबाहेर. सिलिंगवाल्याचं म्हणणं सरळ होतं, "सर, बारा लाइट नाही लावले तं सिलिंग उठून दिसत नाही." त्याच्या धंद्यात ते खरंही आहे. त्याचं काम लाइट लागल्या दिवशी पाहिलं जातं, पुढच्या वर्षी नाही.

वडिलांचं मत एका वाक्याचं होतं. "एवढे लाइट कायले पाह्यजे बाप्पा? लग्न एका दिवसाचं, बिल दर महिन्याले." आईचं त्याहून नेमकं, "मले पोथीतलं अक्षर दिसलं पाह्यजे, बाकी तुमचं तुम्ही पाहा."

माझं लक्ष मात्र शेजारच्या घराकडे गेलं. तिथे दोन वर्षांपूर्वी असंच काम झालं होतं. तीसेक लाइटांपैकी दहा-बारा बंद, काही लुकलुकणारे, आणि दोन ठिकाणी नुसती भोकं. घरधन्याच्या परवानगीने आम्ही बंद पडलेला एक लाइट खाली घेतला. मागच्या छोट्या पांढऱ्या डबीत, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, कॅपॅसिटर नावाच्या, वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्याचं डोकं फुगून वर आलं होतं. दुसरा उघडला, तोही तसाच. एलईडीचे दाणे दोन्हींत शाबूत होते. बॅटरी जोडून पाहिली तर उजळले.

म्हणजे उजेड देणारा भाग चांगला आणि त्याला वीज पुरवणारा भाग मेलेला. असं का, ते त्याच भोकातून कळलं. होळीच्या सुमाराची संध्याकाळ, सात वाजले होते, बाहेरची हवा उतरू लागली होती. तार लावलेला थर्मामीटर स्लॅब आणि सिलिंगच्या मधल्या पोकळीत सोडला तर ४६ अंश. दिवसभर तापलेला पाच इंची स्लॅब आपली उष्णता दुपारी लगेच खाली सोडत नाही, ती जास्त खाली येते संध्याकाळी. आणि लाइट लागतात तेही संध्याकाळीच. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा त्या पोकळीत काय होत असेल याचा अंदाज करा. स्वस्त ड्रायव्हर बहुधा ४० अंशांच्या आसपासची हवा गृहीत धरून बनवलेला असतो. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचा ढोबळ नियम असा, की तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. पुण्यात पाच वर्षं चालणारा लाइट इथे दोन वर्षांत जातो, यात दुकानदाराला शिव्या देण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. हरभरा-गव्हाच्या पाण्याच्या दिवसांत संध्याकाळी गावात १७५-१८० व्होल्ट मिळतात, मध्यरात्री तेच २५० च्या वर चढतात. त्यात डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल सैल झाला की कुणाकडे अंधार आणि कुणाकडे ३०० च्या वर. मागच्या पावसाळ्यात तशा एका रात्री गल्लीतले चार टीव्ही गेले होते.

समोर कोणते पर्याय होते

पहिला, कोटेशन आहे तसं मान्य करायचं. हे सोपं होतं, लग्नाआधी काम संपलं असतं.

दुसरा पर्याय वडिलांचा, आणि मला तो वाटला त्याहून बराच विचारी निघाला. कन्सील डबा घ्यायचा, पण आत साधा होल्डर असलेला, आणि त्यात नऊ वॅटचा बल्ब. उजाला योजनेत २०१५ पासून घरोघर गेला तो हाच बल्ब. गेला तर गावातल्या किराणा दुकानात मिळतो, बदलायला मिस्त्री लागत नाही. अडचण एकच, पण मोठी. बल्बचा ड्रायव्हर त्याच्या बुडात असतो आणि बंद डब्यात ती सगळी गरमी तिथेच कोंडते. उघड्या होल्डरवर जो बल्ब वर्षानुवर्षं चालतो तो डब्यात लवकर मरतो. शिवाय बल्बचा उजेड चहूबाजूंनी पडतो, डब्यात बसवला की त्यातला बराचसा डब्याच्याच भिंतींवर वाया जातो. वडिलांना, म्हणजे काकाजींना, हे पटवायला वेळ लागला. "मंग डबाच नको, होल्डर भिंतीवर लावा," हे त्यांचं उत्तर, आणि खरं सांगायचं तर तांत्रिकदृष्ट्या त्यावर माझ्याकडे तोड नव्हती.

तिसरा पर्याय त्यातूनच आला. सिलिंगच करायचं नाही, स्लॅबला वरूनच बसणारे सरफेस लाइट आणि भिंतीला ट्यूब. उजेडासाठी, बिलासाठी, दुरुस्तीसाठी हाच सगळ्यात चांगला. पण घरात लग्न होतं आणि धाकट्याची इच्छा होती. घर फक्त हिशेबावर चालत नाही, तेव्हा हा पर्याय अर्धा स्वीकारला गेला. तो कुठे, ते पुढे येईलच.

चौथा, कन्सील लाइटच, पण मोजके, चांगले, ज्यांचा ड्रायव्हर वेगळा आणि बदलता येणारा आहे असे.

मोबाइलवरून रंग बदलणारे लाइट धाकट्याने दाखवले होते. त्यावर चर्चा फार झाली नाही. गावात नेटवर्क ओसरीच्या कोपऱ्यात येतं.

निर्णय कसे झाले

बोलून काही ठरत नव्हतं म्हणून तीन नमुने आणून आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करता येणाऱ्या यंत्रावर, लावले. मास्तर आणि धाकटा दोघेही होते. एक लाइट कोटेशनमधला, बाकी दोन नावाजलेल्या कंपन्यांचे १२ वॅटचे.

पहिला धक्का वॅटमीटरने दिला. खोक्यावर १५ वॅट लिहिलेला लाइट साडेनऊ वॅट घेत होता. धाकटा म्हणाला, "म्हंजे बिल कमीच येईन की!" येईल, पण उजेडही १५ वॅटचा मिळणार नाही. म्हणूनच खोक्यावर वॅट नाही तर ल्युमेन, म्हणजे लाइटातून निघणारा उजेड, पाहायचे असतात. चांगल्या लाइटवर १२ वॅटला ११००-१२०० ल्युमेन लिहिलेले असतात, म्हणजे वॅटमागे ९०-१०० च्या घरात. कोटेशनमधल्या लाइटच्या खोक्यावर ल्युमेनचा आकडाच नव्हता. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, आर-नंबर (नोंदणी क्रमांक) पण नव्हता. एलईडीच्या लाइटांना आणि ड्रायव्हरला ही नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा तो नंबर नसणं ही मला सगळ्यात सोपी चाळणी वाटते. तिला पैसे पडत नाहीत.

मग व्होल्टेज खाली आणत गेलो. स्वस्त लाइट १९० च्या खाली मंद झाला आणि १७५ ला लुकलुकायला लागला. म्हणजे गावात ज्या वेळी तो लागणार नेमक्या त्याच वेळी. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर २३० ला सुद्धा त्याच्या उजेडात काळे पट्टे सरकताना दिसत होते. बाकीचे दोन्ही १६० पर्यंत हलले नाहीत. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी खरोखर कामी येणारा हिस्सा, स्वस्ताचा ०.५५, चांगल्यांचा ०.९ च्या वर. घरगुती बिलात याने फरक पडत नाही, पण इन्व्हर्टरवर पडतो. साडेनऊ वॅटचे ३८ लाइट म्हणजे ३६१ वॅट, ०.५५ ने भागले की साडेसहाशे व्हीए (इन्व्हर्टरची क्षमता याच मापात असते). गावातल्या घरात असतो तसा ८५० व्हीएचा इन्व्हर्टर नुसत्या लाइटांनीच बराचसा अडवून ठेवला असता, पंख्यांना जेमतेम जागा उरली असती. धाकट्याचं मत इथे फिरलं. रात्री लाइन गेल्यावर पंखा चालला पाहिजे, यावर त्या घरात कधीच दुमत नव्हतं.

किती लाइट, हा हिशेब मग कागदावर केला. १२ बाय १६ चा हॉल म्हणजे १७.८ चौरस मीटर. बसण्या-उठण्याच्या खोलीला १५० लक्स (दर चौरस मीटरला तेवढे ल्युमेन) धरले तर जमिनीवर साधारण २,६७० ल्युमेन पोचले पाहिजेत. भिंती शोषतात ते आणि धुळीने कमी होतो तो उजेड धरून लाइटातून ४,८०० च्या आसपास निघायला हवेत. १२ वॅटचे चार लाइट. बाराच्या जागी चार. खोल्यांना प्रत्येकी दोन.

हे चार कुठे बसवायचे, यावर सिलिंगवाल्याशी थोडी बाचाबाची झाली. त्याच्या नकाशात चार लाइट पंख्याभोवती होते. पंख्याची पाती त्या उजेडातून फिरली की खोलीभर सावल्या नाचतात आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं. १२०० मिलिमीटरच्या पंख्याची पाती मध्यापासून दोन फुटांवर संपतात. आम्ही लाइट लांबीच्या भिंतींपासून तीन आणि रुंदीच्या भिंतींपासून चार फुटांवर धरले, म्हणजे पंख्याच्या मध्यापासून पाच फूट. त्याला ते "खाली-खाली", म्हणजे रिकामं-रिकामं, वाटलं. मास्तरांनी चार कागदी थाळ्या दोऱ्याने टांगून दाखवल्या, तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे सर, पण गावात मले लोक हसतीन."

स्वयंपाकघरात सिलिंग आणि कन्सील लाइट दोन्ही रद्द झाले. हा निर्णय वहिनींचा. फोडणीचं तेल आणि वाफ वर जाऊन पॅनलवर चिकट थर बसतो, तो पुसायला स्टुलावर चढावं लागतं आणि चढणार कोण, हे त्यांनी विचारलं. तिथे २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, एक ओट्याच्या वर. ओट्यासमोर उभं राहिलं की आपलीच सावली चिरायच्या कांद्यावर पडते, हा मधोमध लावलेल्या लाइटाचा जुना दोष, तो यात गेला. रद्द झालेल्या १२० चौरस फूट सिलिंगचे दहा-अकरा हजार वाचले.

ओसरीतही कन्सील नको म्हटलं. पावसाळ्याच्या पहिल्या रात्री तिथे पंखाच्या किड्यांचा जो खच पडतो तो विदर्भात राहणाऱ्याला सांगायला नको, आणि उघड्या फटीतून ते सिलिंगमध्ये शिरतात, त्यांच्यामागे पाली. दोन १२ वॅटचे सरफेस लाइट, धूळ-पाण्याला बंद असलेले, रंग ३००० केल्विन. पिवळसर उजेडावर किडे कमी येतात. हॉल आणि खोल्यांत ४००० केल्विन ठरला, ना पिवळा ना निळसर. हा मात्र शुद्ध आवडीचा प्रश्न होता आणि आईंनी पोथी दोन्ही उजेडांत धरून निकाल दिला.

एक प्रस्ताव मात्र ठामपणे थांबवावा लागला. खोली थंड राहावी म्हणून सिलिंगच्या वरून थर्माकोलचे तक्ते अंथरायचे होते, कुणीतरी तालुक्यात पाहिलं होतं. कन्सील लाइटच्या ड्रायव्हरवर थर्माकोल पडला की त्याची गरमी निघायला वाट उरत नाही, आणि थर्माकोल पेटतोही. उष्णता कमीच करायची तर स्लॅबच्या वरून करा. त्यांनी गच्चीला चुन्याचे दोन हात दिले.

प्रत्यक्ष काम

चैत्रात आठवडाभरात उरकलं. सिलिंगच्या आत तार मोकळी सोडायची नाही, पाइपातूनच न्यायची, हे सांगून झालं. लाइटाची तार १ चौरस मिलिमीटरची, लाइटासाठी ६ अँपिअरचा वेगळा एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच. हॉलचे चार लाइट दोन-दोनमध्ये तोडून दोन बटनांवर. मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवला, जो व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की घराची वीज तोडतो आणि सावरलं की स्वतःच जोडतो. अर्थिंगचा खड्डा नव्याने केला. जुना होता, पण तो नुसता नावाला होता.

सिलिंगचे वाचलेले पैसे तीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या, पंख्यांत गेले. खरं तर वीज वाचवण्याचा सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि तो लाइटांविषयी नव्हता. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, हा ३० च्या. उन्हाळ्यात दिवसाला चौदा तास चालणारे तीन पंखे म्हणजे रोज जवळजवळ दोन युनिट वाचले. घरातले सगळे लाइट मिळून १६० वॅट, पाच तास चालले तर ०.८ युनिट. कोटेशनमधले ३८ लाइट तितकेच तास चालले असते तर १.८ युनिट. रोजचा फरक एका युनिटचा. महिन्याला ३० युनिट, आणि महावितरणच्या बिलात १०० च्या पुढच्या युनिटांना वरचा दर लागत असल्याने उन्हाळ्यात ते वरच्या दराचे. पण ३८ लाइट रोज कोण लावतो? लग्नाचा आठवडा आणि दिवाळी सोडली तर एका बटनावरचेच लागले असते. म्हणून नुसत्या बिलाच्या जोरावर हे प्रकरण उभं राहत नाही.

लाइटांचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच आला, पाच हजारांच्या आत-बाहेर.

पुढे काय झालं

लग्न झालं. पाहुण्यांपैकी कुणी लाइट मोजले नाहीत. मांडवाच्या झालरींपुढे घरातल्या लाइटांकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

मे महिन्यात सिलिंगच्या पोकळीत पुन्हा मोजलं, संध्याकाळी सातला ४९ अंश. गच्चीवर चुना नसलेल्या शेजाऱ्याकडे त्याच वेळी ५२. तीन अंश फार वाटत नाहीत, पण वरचा नियम आठवला तर कॅपॅसिटरला ते कळतात.

प्रोटेक्टर पहिल्याच पावसाळ्यात कामाला आला. एका वादळी रात्री तो चारदा तुटला-जुळला, घरचे वैतागले, आणि सकाळी कळलं की गल्लीत दोघांचे फ्रिज गेले.

आठपैकी एक लाइट दिवाळीच्या आधी गेला. वॉरंटी होती, पक्कं बिल होतं, तरी दुकानदाराने तालुक्याला दोन चकरा मारायला लावल्या आणि शेवटी फक्त ड्रायव्हर दिला. तो मास्तरांनी स्वतः बदलला, भोक तेच, रंग तोच. हे ड्रायव्हर वेगळा असल्यामुळेच जमलं.

सगळं जमलं असं मात्र नाही. खोल्यांत लोखंडी कपाटासमोर उजेड कमी पडतो, कारण दोन लाइट मध्यरेषेवर आहेत आणि कपाट कोपऱ्यात. महिन्याभरात तिथे ट्यूब लागली. आईंना पोथीसाठी वरून पडणारा उजेड पुरला नाही. अक्षर दिसतं, पण पुढे वाकलं की डोक्याची सावली पानावर येते. देवघराशेजारी भिंतीवर पाच वॅटचा एक दिवा लावला तेव्हा त्या म्हणाल्या, "हा आधीच लावला असता तं वरच्याचं कामच नव्हतं." मास्तर काही बोलले नाहीत.

आणि उंदीर. पाइप शेवटच्या फुटापर्यंत नेलेला नव्हता. ड्रायव्हरजवळची हातभर तार मोकळी होती, तीच कुरतडली गेली. एमसीबी पडला, जीवितहानी काही नाही, पण ती जागा शोधायला सिलिंग एका ठिकाणी फोडावं लागलं.

वेगळं काय करता आलं असतं

सिलिंगला दीड बाय दीड फुटाची एक झाकणी प्रत्येक खोलीत ठेवायला हवी होती. सिलिंगवाला दिसण्यासाठी नको म्हणतो आणि घरचे ऐकतात. उंदराच्या प्रकरणानंतर फोडलेल्या जागेवर आता तीच केली आहे, कपाटाच्या वर, दिसत नाही अशी.

लाइटांची जागा ठरवताना खोली रिकामी होती. कपाट, पलंग, देव्हारा खडूने जमिनीवर आखून मग वर भोकं ठरवली असती तर खोल्यांतल्या चार लाइटांपैकी दोन वेगळ्या ठिकाणी गेले असते.

कटआउटचं, म्हणजे लाइटासाठी पाडायच्या भोकाचं, माप ही बारीक वाटणारी पण पुढे छळणारी गोष्ट. १२ वॅटच्याच लाइटाला एका कंपनीचं भोक पाच इंची, दुसरीचं साडेपाच, आणि तीच कंपनी दोन वर्षांत मॉडेल बदलते. भोक मोठं करता येतं, लहान नाही. एक-दोन लाइट त्याच वेळी जास्तीचे घेऊन ठेवायला हवे होते. ते राहिलं, आणि आता ते मॉडेल तालुक्याला मिळत नाही.

वडिलांचा उघड्या होल्डरचा मुद्दा निदान दोन्ही खोल्यांपुरता मान्य करता आला असता, असं मला अजून वाटतं. तिथे पाहुणे जात नाहीत, सिलिंगची हौस तिथे कुणाची नव्हती, ते हॉलच्या ओघात झालं. २४० चौरस फुटांचं सिलिंग वाचलं असतं, आणि त्या पैशात गच्चीवर चुन्याऐवजी टिकाऊ पांढरा थर देता आला असता. चुना दोन पावसाळ्यांत उतरतो.

धाकट्याची खोली आता मागच्या बाजूला टिनाखाली निघणार आहे. तिथे पीव्हीसीचं सिलिंग करायचं की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. टिनाखालची पोकळी स्लॅबखालच्यापेक्षा जास्त तापते, म्हणून भर उन्हाळ्यात एकदा तिथे थर्मामीटर टांगून मगच ठरवू, एवढंच सध्या ठरलं आहे.